आधीच सांगून ठेवतो

"मी तुरुंगात जाऊन आलोय! आधीच सांगून ठेवतो! पटत असेल तर बूट बाहेर काढ आणि वर ये. पटत नसेल तर टॅक्सी अजून कोपऱ्यावरच आहे, मार हाक!"

जिन्याच्या वरच्या पायरीवरून हा आवाज आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, गळ्यात लॅपटॉपची पिशवी होती आणि डोक्यात नागपूर ते शिकागो एवढ्या प्रवासाची झोप होती. तो आवाज जिना उतरून खाली आला, मला ओलांडून रस्त्यावर गेला, तिथल्या दोन गाड्यांचे अलार्म त्याने सुरू केले आणि मग सरोवराकडे जाऊन बदकं उडवली. त्या वेळी माझ्यासोबत असलेला मित्र म्हणतो की गाडी एकच होती आणि अलार्म आधीपासूनच वाजत होता. असेल. तो पुण्याचा आहे, त्याला प्रत्येक गोष्ट कमी करून सांगायची सवय आहे.

"अहो, त्याला पाणी तरी पिऊ द्या," आतून एक बारीक, दमलेला आवाज आला.

"पाणी प्यायल्यावर कळलं तर म्हणेल, पाणी पाजून फसवलं! काय रे नागपूर, येतोस की जातोस?"

मी बूट काढले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. टॅक्सीवाला तो आवाज ऐकून केव्हाच पसार झाला होता.

हे डंकाकाका. हे नाव त्यांना कुणी ठेवलं माहीत नाही, पण डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास राहणाऱ्या सगळ्या मराठी पोरांमध्ये ते याच नावाने ओळखले जायचे, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. लोक स्वतःच्या मोठेपणाचा डंका पिटतात, हा माणूस स्वतःच्या गुन्ह्याचा पिटायचा. किराणा दुकानात उभ्या असलेल्या अनोळखी बाईला, दाढी करणाऱ्या न्हाव्याला, सत्यनारायणाला बोलावलेल्या गुरुजींना संकल्प सोडायच्या आधी. "आधीच सांगून ठेवतो" हे त्यांचं पालुपद. गुरुजींनी म्हणे विचारलं, "हे गोत्राच्या आधी सांगू की नंतर?"

डंकाकाका मूळचे कराडचे. ऐन तारुण्यात अमेरिकेत आले ते लेथ मशीन चालवायला, आणि वीसेक वर्षं एकाच कारखान्यात राहिले. नागरिकत्व घेतलं, दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट घेतला, मूलबाळ नाही म्हणून दुसरी खोली आमच्यासारख्या शिकायला येणाऱ्या पोरांना द्यायला लागले. काकू घरी बसून साड्यांना फॉल-बीडिंग करायच्या. आयुष्यात एकदाही वेगाने गाडी चालवल्याची पावती न फाडलेला हा माणूस तुरुंगात गेला तो एका खुर्चीपायी.

शिकागोत राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. त्या शहरात बर्फ असा पडतो की सकाळी स्वतःची गाडी शोधायला आठवणीवर अवलंबून राहावं लागतं. मग माणूस फावडं घेतो, घाम गाळतो, गाडीभोवतीची जागा मोकळी करतो आणि कामाला जाताना त्या मोकळ्या जागेत एक खुर्ची ठेवतो. खुर्ची म्हणजे मालकी. कायद्यात असं काही नाही, पण गल्लीत आहे. कुणी मोडकी खुर्ची ठेवतं, कुणी इस्त्रीचं टेबल, कुणी पोरांची तीनचाकी. आमचे काका जेवणाच्या टेबलाची चांगली, शिसवी रंगाची खुर्ची ठेवायचे. "आपण जागा अडवतोय ना, मग अडवायची वस्तू तरी इभ्रतीची पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

मी यायच्या काही वर्षं आधीच्या एका हिवाळ्यात ते कामावरून परतले, तर त्यांच्या जागेत दुसऱ्याची गाडी उभी आणि खुर्ची बर्फाच्या ढिगावर उताणी, पाय मोडलेली. गाडीचा मालक शेजारच्या गल्लीतलाच एक माणूस. बाचाबाची झाली. तो म्हणाला, "तुझ्या देशातून आणली होतीस का ही जागा?" काकांनी त्याला एक धक्का दिला. एकच. खाली गुळगुळीत बर्फ. माणूस पडला आणि त्याचा खुबा मोडला.

इथपर्यंतची गोष्ट कुणाच्याही हातून घडेल अशी आहे. पुढची फक्त आपल्याच माणसाच्या हातून घडेल.

पोलीस आले तेव्हा काका स्वतःच हात पुढे करून म्हणाले, "मीच ढकललं. माझी चूक झाली." जामिनावर सुटले तेव्हा कोर्टाने बजावलं होतं की जखमी माणसाच्या आसपास फिरकायचं नाही. काकांनी मान हलवली. त्यांच्या हिशोबात 'फिरकायचं नाही' म्हणजे भांडायला जायचं नाही. माफी मागायला जाऊ नकोस असं कोणतं कोर्ट सांगेल? कराडला असं काही झालं की माणूस काय करतो? घरी जातो, हात जोडतो, काहीतरी गोड नेतो, समोरचा जरा फुरंगटून बसतो, मग त्याची बायको चहा टाकते आणि प्रकरण मिटतं. तर आमचे काका तिसऱ्याच दिवशी काकूंकडून शिरा करून घेऊन, साजूक तुपातला, वर बदामाचे काप, स्टीलच्या डब्यात घालून, हॉस्पिटलात हजर.

तो माणूस पाय वर टांगलेल्या अवस्थेत पडलेला. काका आत शिरले, डबा ठेवला आणि पाया पडायला वाकले. नेमके त्याच्या टांगलेल्या पायाकडे हात नेत. तो माणूस असा किंचाळला की माझ्या माहितीप्रमाणे तीन मजल्यांवरचे डॉक्टर धावत आले. हल्लेखोर अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला आलाय अशीच सगळ्यांची समजूत झाली. शिऱ्याचा डबा पोलिसांनी जप्त केला. तो पुढे कोर्टात पुरावा म्हणून ठेवला होता असं काका सांगायचे. ते खरं असो नसो, डबा परत मिळाला नाही हे काकूंनी मला स्वतः सांगितलंय.

कोर्टाने दिलेला वकील डोकं धरून बसला. सरकारी वकील म्हणाला, साक्षीदारावर दबाव आणायला गेला होता. काकांच्या वकिलाने सुचवलं, आपण गुन्हा नाकबूल करू, मग बोलणी करता येतील. काका म्हणाले, "ढकललं ना मी? मग नाकबूल काय करायचंय?" म्हणून मी आजही छातीठोकपणे सांगतो की काका आत गेले ते धक्क्यामुळे नाही, शिऱ्यामुळे.

दोन हिवाळे त्यांनी आत काढले. तिथल्या दिवसांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत, एक सोडून. "तिथं मला बर्फ काढायचं काम दिलं होतं. मोठं अंगण. फावडं त्यांचं, जागा त्यांची. खुर्ची ठेवायची भानगड नाही. सकाळी साफ करायचं, मागं वळून बघायचं, काळी फरशी दिसायची. बरं वाटायचं रे."

सुटून आले तेव्हा कारखान्यात त्यांच्या लेथवर दुसरा माणूस होता. मी आलो ते २००१ च्या उन्हाळ्यात, तेव्हा काका नोकरी शोधत होते. पुढे त्या सप्टेंबरनंतर तर सगळ्या देशालाच माणसांचा मागचा इतिहास उकरायची सवय लागली. विमानतळावर ठीक आहे, पण पिझ्झाच्या खोक्यांना घड्या घालायच्या कामालाही फॉर्म, आणि प्रत्येक फॉर्मवर तो चौकोन: तुम्हाला कधी गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? असल्यास खूण करा. खाली खुलाशासाठी एक ओळ.

काकांचा खुलासा एका ओळीत मावणं शक्यच नव्हतं. ते बर्फापासून सुरुवात करायचे. ओळ संपली की समासात, समास संपला की वळसा घालून वरच्या बाजूला, तिथून पाठीमागे. शिऱ्यापर्यंत येईस्तोवर अक्षर मुंगीएवढं झालेलं असायचं. मग स्वच्छ शर्ट घालून, भांग पाडून तो फॉर्म स्वतः नेऊन द्यायचे आणि देतानाही टेबलापलीकडच्या पोरीला मोठ्याने सांगायचे, "आधीच सांगून ठेवतो, मी जेलमध्ये होतो." पोरगी फॉर्म दोन बोटांत धरायची. तो फॉर्म दुसऱ्या दिवसापर्यंत जगत असेल असं मला वाटत नाही.

गोदामं झाली, बेकऱ्या झाल्या, लॉन्ड्री झाली, म्हाताऱ्यांना जेवण पोचवणाऱ्या गाड्या झाल्या. रात्रभर दिवे लागलेल्या एका डोनटच्या दुकानाने तर त्यांना फॉर्म घरी न्यायलाही नकार दिला. त्या काळात काकांनी अर्ध्या शिकागोला नोकरी मागितली होती आणि उरलेल्या अर्ध्याला ते विचारणार होते.

एकदा तो माझा पुण्याचा मित्र, मंदार, जेवायला आला होता. तो आयटीतला, त्याचं सगळं सरळ. "काका, तुम्ही तो बॉक्स ब्लँक सोडा ना यार. सिंपल. ओव्हरशेअर कशाला करता?"

"ब्लँक सोडू?" काकांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "त्यांनी विचारलंय ना? तुझ्या दारात मी उभा राहिलो आणि तू विचारलंस, काका जेवलात का, तर मी गप्प उभा राहू?"

"पण मग तुम्हाला कुणी घेणारच नाही."

"नको घेऊ देत. पण घेतील तर मला घेतील. खूण न केलेला कुणीतरी दुसराच माणूस असतो, त्याला नाही."

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं. काकू उठून पोळ्या आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. पोळ्या टेबलावरच होत्या.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला प्रसादाचा शिरा काकाच करायचे. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, मागे स्वयंपाकघर, तिथे हाफ शर्ट घातलेले काका एवढ्या मोठ्या पातेल्यात रवा भाजत असायचे की त्यात होडी चालली असती. वास पार्किंगपर्यंत. वाढायलाही तेच उभे राहायचे, कारण समोर रांग आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगायची सोय. एका वर्षी नवीनच आलेलं एक कुटुंब रांगेत होतं. काकांनी द्रोण पुढे करत नेहमीप्रमाणे सुरू केलं, "आधीच सांगून ठेवतो..." त्या बाईने ऐकून घेतलं, हसल्यासारखं केलं, आणि लेकीच्या हातातला द्रोण हळूच काढून शेजारच्या टेबलावर ठेवला. "मम्मा, आय वाँटेड दॅट," पोरगी म्हणाली. "नंतर," आई म्हणाली. काका पुढच्या माणसाला वाढत होते. त्यांचा आवाज तसाच, खणखणीत. पण त्या दिवशी उरलेल्या रांगेला त्यांनी नुसताच शिरा वाढला.

घरी आल्यावर काकू माझ्याशी बोलल्या. काका अंघोळीला गेले होते. हातातल्या साडीच्या काठावर नजर ठेवून म्हणाल्या, "त्यांना वाटतं, आपणच आधी सांगितलं की दुसऱ्याचं बोलणं लागत नाही. त्यांना नसेल लागत. मी शेजारी उभी असते ना रे." आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा आधीच ओवलेला होता.

अशी वर्षं गेली. माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, शिकागोबाहेर, नेपरव्हिलला घर घेतलं. काकांच्या खोलीत माझ्यानंतर दोन पोरं राहून गेली आणि त्यांनाही जिन्यावर तेच स्वागत मिळालं. काका साठीला आले. काकूंचं बीडिंग चालू होतं, काकांचे फॉर्म चालू होते. काकूंच्या डोळ्यांना आता त्रास व्हायला लागला होता. काका त्यांच्या सुया ओवून एका उशीला ओळीने टोचून ठेवायचे, रोज सकाळी, नोकरीवर निघाल्यासारखं आवरून बसून.

मग एका थंडीत शहराने ठरवलं की आपल्या नोकऱ्यांच्या अर्जांवरून तो चौकोन काढून टाकायचा. माणूस आधी बघा, काम येतं का ते बघा, घ्यावासा वाटला तर मग विचारा काय विचारायचं ते, आणि जे निघेल त्याचा या कामाशी संबंध आहे का, किती जुनं आहे, तेही बघा. बातमी मी वाचली आणि गाडी काढून थेट काकांकडे गेलो. शहराच्या रस्ते खात्याला हिवाळ्यापुरती माणसं हवी होती: पुलांवरचा, बसथांब्यांवरचा बर्फ काढायला. म्हणजे देवाने काका डोळ्यांसमोर ठेवूनच जाहिरात लिहिली होती.

काकांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"चौकोन कुठाय?"

"काढला काका. हेच तर सांगतोय."

"मग मी सांगू कुठं?"

"नाही सांगायचं. आत्ता नाही."

"ही लबाडी आहे."

"लबाडी कसली? ते विचारतच नाहीत."

"मग मुलाखतीत सांगतो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा, मी थट्टा करत नाही, अगदी पोरका झाला होता. इतकी वर्षं ज्या खिडकीवर जाऊन ओरडायचं, ती खिडकीच कुणीतरी बुजवली होती.

मुलाखतीला मीच त्यांना घेऊन गेलो. शहराच्या पश्चिमेला खात्याचं यार्ड होतं, बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात त्या मिठाचा डोंगर, नारिंगी ट्रक, पत्र्याचं ऑफिस. मी गाडीतच थांबलो. आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सुरू केलं होतं, "आधीच सांगून ठेवतो..." समोरच्या माणसाने हात वर केला. म्हणाला, "तो विषय असेल तर या खोलीत नाही. मी विचारायचं नाही. तुम्हीही नका सांगू. पुढे दुसरं ऑफिस आहे त्यासाठी." आणि पुढे विचारलं, "बर्फाचं काम केलंय? फावडं कसं धरता? ओल्या बर्फाला आणि सुक्या बर्फाला फरक काय?"

काका बाहेर आले ते चालत आले असं म्हणवत नाही, वाऱ्याने आणून ठेवल्यासारखे आले. गाडीत बसले. पट्टा लावला नाही. मी मनात म्हटलं, काहीतरी बोलून बसले आत.

"काय झालं काका?"

"विचारलं."

"काय विचारलं?"

"मला काय येतं ते विचारलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अरे नागपूर, मी सगळं पाठ करून गेलो होतो. बर्फ, खुर्ची, तो माणूस, त्याचा पाय, शिरा. सगळं. आणि त्याने विचारलं, फावडं कसं धरता. मला पहिल्यांदा उत्तरच येईना."

आणि मग तो सहा फुटी माणूस, ज्याच्या आवाजाने बदकं उडायची, माझ्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडला. बिनआवाजी. मी गाडी सुरू केली नाही. मिठाचा डोंगर बघत बसलो.

पंधरवड्याने खात्याने कळवलं की घ्यायचं ठरलंय, आता त्या दुसऱ्या ऑफिसात या. ते शहराच्या मध्यभागी, उंच इमारतीत. या वेळी काकांनी मला आत नेलं. टेबलामागे एक पोक्त बाई होती, चष्मा साखळीला अडकवलेला. ती म्हणाली, "आता विचारते. सांगा." काकांनी सांगितलं. जसं जिन्यावरून सांगायचे तसं नाही. खालच्या आवाजात, सुरुवातीपासून. बाईंनी मध्ये थांबवलं नाही. शिऱ्यापाशी आल्यावर फक्त चष्मा काढून पुसला. त्यानंतर काय काय केलंत, असं विचारलं. काका म्हणाले, "फॉर्म भरले."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली. "ठीक आहे. सोमवारपासून जा."

"यार्डातल्या लोकांना कोण सांगणार?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही. हे इथेच राहतं, यार्डावर जात नाही. तुम्हाला सांगायचं असलं तर तुमची मर्जी."

नारिंगी जाकीट घरी आलं तेव्हा काकूंनी ते देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू लावलं आणि मग मायेपोटी त्याला कडक इस्त्री केली. पाठीवरच्या दोन चमकणाऱ्या पट्ट्यांपैकी एक इस्त्रीला चिकटून आली. पुढे सगळा हिवाळा पाठीवर एकच पट्टी असलेला कर्मचारी शहराच्या पुलांवर दिसायचा तो आमचा.

मी नेपरव्हिलच्या पार्ट्यांमध्ये काकांच्या पहिल्या दिवसाची गोष्ट रंगवून सांगायला लागलो. मी तिथे नव्हतो, पण मला काकांची खात्री होती. सकाळी सहाला सगळे यार्डात जमलेत, थंडीने नाकं लाल झालीत, आणि काका मिठाच्या डोंगरावर चढून ओरडतायत, "आधीच सांगून ठेवतो!" आणि मिठाचा डोंगर तीन फूट खाली घसरतोय. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की मला यार्डातल्या माणसांचे चेहरेही दिसायला लागले होते.

त्या हिवाळ्यानंतर काका मला जरा थकलेले वाटले. आवाज उतरला होता. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा त्यांच्याकडे गेलो, तर खोलीतला नवा पोरगा, नांदेडचा, दार उघडायला आला. मी त्याला हळूच विचारलं, "काय, जिन्यावर झालं का स्वागत तुझं?" तो म्हणाला, "हो ना दादा. काका स्वतः खाली आले, बॅग उचलून वर घेऊन गेले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जेवलास का."

काका आत खिडकीशी बसून चहा पीत होते. "घसा बसलाय का काका?" मी विचारलं.

"नाही रे. आहे बरा."

"मग एवढे गप्प?"

"गप्प कुठाय?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला होता तिकडे बघून हसले. "उद्या काम आहे." मी मनात म्हटलं, वय झालं. दुसरं काही मला सुचलंही नाही.

तो त्यांचा शेवटचा हिवाळा. मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्ते काळे झाले होते, तेव्हा झोपेतच हृदय थांबलं. काकूंना सकाळी त्यांनी ओवून ठेवलेल्या सुया उशीवर सापडल्या. आदल्या संध्याकाळीच ओवल्या होत्या. स्मशानात त्या पुण्याच्या मंदारने भाषण करायचा प्रयत्न केला आणि त्याला चार वाक्यंही जमली नाहीत. त्या दिवशी त्याने काहीच कमी करून सांगितलं नाही.

दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. नारिंगी जाकीट घडी करून ठेवलं होतं, वर बूट, बुटांत नवे कागद भरलेले. "हे शहराचं आहे," काकू म्हणाल्या. "परत द्यायला पाहिजे. नाहीतर कुणी म्हणेल..." आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मी यार्डावर गेलो. मिठाचा डोंगर आता उकिरड्याएवढा उरला होता. मुकादम भेटला, पांढऱ्या मिशांचा, धिप्पाड. काकांची मुलाखत आपणच घेतली होती, म्हणाला. मी जाकीट आणि बूट त्याच्या टेबलावर ठेवले आणि सांगितलं.

"कळलं होतं," तो म्हणाला. "चांगला कामगार. शांत माणूस."

शांत! काकांबद्दल हा शब्द पृथ्वीच्या पाठीवर कुणी वापरला असेल तर त्या पत्र्याच्या ऑफिसात. मला वाटलं, माणसांची गल्लत होतेय. मी जाकीट उलटं करून पाठीवरची एकच पट्टी दाखवली.

"हो, हो. तोच," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत गोड काहीतरी वाटायचा. पिवळं. वर बदाम."

"शिरा."

"असेल. आम्ही वाट बघायचो त्याची."

एवढं बोलून तो थांबला. मी थांबलो. आता तो हसेल, आता म्हणेल, काय माणूस होता हो तुमचा, पहिल्याच दिवशी मिठावर चढून काय ओरडला! तो बुटांचे तळ बघत होता. तेव्हा मीच हसत म्हटलं, "त्यांची ती गोष्ट तर तुम्हा सगळ्यांना पाठ झाली असेल."

त्याने जाकीट खुंटीला अडकवलं, बूट भिंतीच्या कडेला सरळ लावले.

"कुठली गोष्ट?" तो म्हणाला.